आजीला नऊवारी नेसवा!

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं आणि ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द महाविद्यालयांच्या फलकांवर चढला. फलकावर मावला, वेळापत्रकात मात्र मावेना. एका महाविद्यालयानं तोडगा काढला : सगळ्यांनी मिळून तीन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म. चित्रं कलेची मुलं काढणार, संगणकाची मुलं ती हलवणार, मराठी विभाग संवाद लिहिणार, संगीतवाले आवाज देणार. विभाग चार, म्हणून अर्जावर सह्याही चार. त्या जमेपर्यंत निम्मं सत्र सरलं, ते सोडा.

फिल्ममधली आजी आधी गाऊनमध्ये होती. संगणकाच्या मुलांनी तिच्यात सांगाडा बसवला (त्याला ते रिग म्हणतात), आजी चालू लागली. मग मराठी विभागाला साक्षात्कार झाला, की ही आजी आपली वाटत नाही. तिला नऊवारी नेसवा. फक्त कपडेच तर बदलायचेत!

आता संगणकाला नेसणं कुठून ठाऊक असणार? त्याच्या लेखी कापड म्हणजे हजारो बिंदूंची जाळी. हा बिंदू पायाला भिडला का, शेजारच्या निरीत घुसला का, हे तो प्रत्येक फ्रेमला तपासत बसतो. सैलसर गाऊनमध्ये हे निभावतं. काष्टा मात्र दोन पायांमधून मागे जातो. आजी खाली बसली, की मांडी साडीतून आरपार बाहेर! एक पोरगा त्या निऱ्यांशी आठवडाभर झटत होता. शेवटी चित्रकलेच्या मुलीनं स्टोरीबोर्डच बदलला : आजी बसतच नाही, उभ्यानं तांदूळ निवडते. बहुविद्याशाखीय म्हणावं असं त्या सत्रात जे घडलं ते एवढंच. त्याला गुण नव्हते.

पुढे आजीच्या संवादातल्या ‘अगंबाई!’ची पाळी. तोंडाच्या हालचाली आवाजावर बेतायच्या असतात, म्हणून आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो. तो झाला, ओठ जुळले, आणि लेखकमहाशयांना ‘अरेच्चा!’ जास्त खुसखुशीत वाटलं. ‘बा’ला ओठ मिटतात, ‘अरेच्चा’त एकदाही मिटत नाहीत. लेखकानं एक शब्द खोडला, तिकडे एकानं आजीचं तोंड नव्यानं घडवलं.

आणि रेंडर, म्हणजे संगणकाकडून प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र करून घेणं? सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे तीन मिनिटांच्या ४,३२०. एका फ्रेमला दहा मिनिटं धरा. एका संगणकाला अहोरात्र तीस दिवस. लॅब पाचला बंद होते आणि शिपाई मेन स्विच पाडूनच घरी जातो.

कला आणि संगणकाची गाठ खरोखर कशी पडते, तेही पाहा. एड कॅटमुल नावाच्या मुलाला अ‍ॅनिमेटर व्हायचं होतं. चित्रकला बेताची, म्हणून तो भौतिकशास्त्र आणि संगणकाकडे वळला. १९७२ साली युटा विद्यापीठात शिकताना त्यानं आपल्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर शाईनं सुमारे ३५० त्रिकोण-बहुकोन आखले आणि सगळी मापं संगणकाला भरवली. फ्रेड पार्क हा सहाध्यायी सोबतीला होता. तो हलणारा हात १९७६च्या ‘फ्यूचरवर्ल्ड’ चित्रपटात झळकला, आणि २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. कॅटमुल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाला. आपल्याकडे त्याला आधी विचारलं असतं : प्लास्टर कुठल्या विभागाच्या खर्चात दाखवायचं?

रेंडर वेळेत न संपणं हेही फक्त आपलं दुखणं नव्हे. लुकासफिल्म कंपनीच्या संगणक विभागाची ‘आंद्रे अँड वॉली बी.’ ही फिल्म १९८४च्या सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत काही भाग अपुरे असतानाच दाखवली गेली. टाळ्या पडल्या. आमच्या परीक्षकांनी अशा वेळी ‘अपूर्ण’चा शिक्का मारला असता.

आजीच्या फिल्मला अखेर गुण पडले, पण तेही विभागवार. मुलांना वैयक्तिक योगदान टक्क्यांत लिहायला सांगितलं. बेरीज शंभराच्या बरीच पुढे गेली. श्रेयनामावलीत आधी प्राचार्य, मग चार विभागप्रमुख, मग मुलं. निऱ्यांशी झटणारा पोरगा ‘विशेष आभार’मध्ये, कॅन्टीनवाल्या काकांच्या खाली.

पुढच्या वर्षी म्हणे वाणिज्य शाखेलाही घेणार आहेत, बजेट सांभाळायला. बजेट शून्य असल्यानं निदान त्यांचं काम तरी वेळेत होईल.