नव्या इंजिनाचे रन-इन: काही शास्त्रशुद्ध सूचना

नियम पहिला. मॉडेल विमानासाठी नवे ग्लो इंजिन घेतल्याचे अण्णांना कळू देऊ नये. अण्णा म्हणजे मैदानावरचे ते गृहस्थ, ज्यांचे स्वतःचे विमान कायम दुरुस्तीत असते आणि बोटे कायम दुसऱ्याच्या नीडलवर.

नियम दुसरा. इंजिन जाड फळीवर पक्के बोल्ट करावे. विमानावर नंतर.

नियम तिसरा. इंजिनाची जात ओळखावी. रिंगवाले असेल तर भरपूर रिच (म्हणजे मिश्रणात इंधन जास्त), थोडा वेळ चालवावे, गार होऊ द्यावे, पुन्हा चालवावे. एबीसीचे गणित वेगळे. त्याची क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. गार असताना पिस्टन तिथे अडतो, कुईं करतो. तो दोष नव्हे, दुकानदाराशी भांडू नये. स्लीव्ह तापून प्रसरली की पिस्टन मोकळा होतो. म्हणून सुरू करण्याआधी सिलिंडरला हेअर-ड्रायरची ऊब द्यावी (ड्रायर कोणाचा, हा प्रश्न या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा) आणि नंतर मिश्रण अती रिच ठेवून त्याला गारठवू नये.

अण्णा मात्र सगळ्या जातींना एकच काढा देतात: "टाक्यांवर टाक्या रिकाम्या कर, एकदम रिच!" लोखंडी पिस्टनच्या जमान्यात हे बरोबरच होते. तो जमाना गेल्याचे त्यांना सांगायचे कोणी?

नियम चौथा. ग्लो प्लगला दीड व्होल्ट पुरतो. स्कूटरची बॅटरी लावल्यास प्लॅटिनमची तार तत्क्षणी स्वर्गवासी होते.

नियम पाचवा. प्रोपेलरच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. नीडल मागूनच फिरवावी. आणि मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही, भाजल्यावर कळते.

इंधन: ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल. अण्णांचे एरंडाचे गुऱ्हाळ मात्र निव्वळ चहावर चालते.

नियम सहावा. इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबावी. आवाज चढला तर मिश्रण रिच आहे. लगेच मान टाकली तर आधीच लीन होते, नीडल थोडी उघडावी. अण्णांना नळी दाबावी लागत नाही. ते पाठ करून कटिंग पीत असतात आणि तिथूनच म्हणतात, "दोन क्लिक उघड." आपण हट्टाने उघडत नाही. इंजिन तापते, कण्हते, बंद पडते. दोन क्लिक उघडले की सुरेल चालते. हा माणूस चुकत का नाही, याचा राग येतो.

नियम सातवा. मिथेनॉल हवेतली ओल ओढते, बेअरिंगे गंजतात. टाकी रिकामी होऊन इंजिन थांबले की आत तेलाचे थेंब सोडून हाताने फिरवावे. तेलाची बाटली अण्णांच्या पिशवीत असते. मागावी लागते, आणि मागितली की रन-इनवरचे व्याख्यान पहिल्यापासून सुरू होते.