मतदाराला तसदी न देता सरपंच कसं व्हावं : नवशिक्यांसाठी

निवडणुकीला उभं राहायचं ठरवलंय ना? मग आधी मतदारयादीची घडी घालून ती कपाटात ठेवून द्या. तिचं काम शेवटी, तेही पडलं तर. नवशिका उमेदवार नेमका इथेच फसतो. दारोदार हात जोडत सुटतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, पोरांना वडापाव चारतो आणि मतमोजणीच्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात त्याला कळतं, की खरी निवडणूक कधीच होऊन गेली. ती कुठे होते, कशी होते आणि हरल्यावर पुन्हा कशी उकरून काढायची, एवढंच इथे सांगायचं आहे.

मी राहतो उतईला, म्हणजे भिलाईला लागूनच. पोलाद कारखान्यामागे इकडे आलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचं एक. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडचं राजकारण आणि वर्षभर इकडचं, असा दुहेरी अभ्यास होतो. इकडे ग्रामपंचायत सदस्याला पंच म्हणतात, नगरसेवकाला पार्षद, ग्रामसेवकाला सचिव. पंचायत समितीच्या जागी जनपद पंचायत आहे. हे नाव १९४८ सालच्या जनपद सभांची आठवण देतं. त्या द्वारकाप्रसाद मिश्रांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काढल्या होत्या, तेव्हा दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १९५६ साली वाटण्या झाल्या. युक्त्यांची वाटणी मात्र कुणी केली नाही, त्या दोन्हीकडे चालतात.

पहिली पसंती नेहमी बिनविरोधला द्यावी. एका जागेला एकच अर्ज उरला की मतदान नाही, आणि मतदान नाही म्हणजे पडण्याचा धोका नाही. वर गावात एकी आहे म्हणून शाबासकी मिळते ती वेगळीच. या एकीला बक्षीसही असतं. गुजरातमध्ये ‘समरस’ गावांना सरकारी अनुदान मिळतं. महाराष्ट्रात २०२० च्या शेवटी पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी निवडणूक बिनविरोध करणाऱ्या गावांना २५ लाखांचा निधी जाहीर केला, आणि मग इतरांनीही आपापले आकडे फोडले.

कृती सोपी आहे. पारावर बैठक लावा. दोन्ही पॅनलची जुनी खोडं बोलवा. ‘कशाला उगाच भावकीत वाद’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणायला हवं. कुणी म्हटलं नाही तर तुम्ही म्हणा. माघारीची मुदत दुपारी तीनला संपते. अडीच वाजता ज्याचा फोन बंद लागतो त्याला अजून पटलेलं नसतं. त्याच्या मागे धावू नका, त्याच्या मेव्हण्याला गाठा.

एवढं करूनही इच्छुक कमी होत नसतील तर लिलाव. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातलं उमराणे हे कांद्याच्या बाजार समितीचं गाव, तिथे बोलीचं शास्त्र कुणाला शिकवावं लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या चौदा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींची निवडणूक होती. त्याआधी उमराण्यात बोली लागली आणि २ कोटी ५ लाखांवर थांबली. पैसे देवळाच्या कामाला. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत तोच प्रकार ४२ लाखांत झाला, तिथेही देऊळच. मला अजून नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या वर्षी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर निघायची होती. खुर्ची खुल्या गटाला जाणार की राखीव होणार, बाईला की बाप्याला, हे ठरायच्या आधीच रक्कम ठरली! बाजार समितीतला व्यापारी कांद्याचा ढीग उसकटून, दोनचार कांदे हातात दाबून मग तोंड उघडतो. इथे माल न बघता दोन कोटी.

बैठकीत देवाचं नाव घेण्याचा मोठा फायदा असा, की विरोध करणारा आपोआप देवाच्या विरोधात जातो. शाळेच्या छपरासाठी बोली लावून पाहा, कुणी फिरकणार नाही.

पण सावधगिरीची सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा लागणार आहे: बैठकीला येणाऱ्यांचे मोबाइल बाहेर काढून ठेवा. लिलावाचा व्हिडिओ फिरला, बातम्या झाल्या, अहवाल मागवले गेले आणि १५ जानेवारीच्या मतदानाला दोन दिवस असताना राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. गावानं एकमतानं ठरवलं होतं, हा बचाव चालला नाही.

लिलाव परवडत नसेल तर छाननी. ही गरिबाची वाट, पण अभ्यास लागतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ तोंडपाठ करा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलासमोर खुर्च्या कमी आणि माणसं जास्त असतात. पंखा अधिकाऱ्याच्या दिशेनं फिरवलेला असतो. तुमचा वकील काखेतली फाइल सोडतो आणि एकेक कागद सरकवत जातो. घरपट्टीची थकबाकी. शौचालयाचा दाखला. तिसऱ्या अपत्याचा जन्मदाखला. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं पोर वडिलांची उमेदवारी घालवू शकतं, आणि पोर मोठं होऊन स्वतः मतदार झालं तरी घालवू शकतं. मग अतिक्रमण. गावठाणाबाहेर पडवी किती फूट पुढे आली आहे हे उमेदवाराला माहीत नसतं, पण त्याच्या चुलतभावाला इंचात माहीत असतं. म्हणून छाननीच्या दिवशी वकिलाआधी समोरच्याचा चुलतभाऊ गाठीला हवा.

मतदानाच्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. शाई, रांग, आजीला खुर्चीसकट उचलून आणणारी नातवंडं, संध्याकाळी बेरीज-वजाबाकी. समान मतं पडली तर चिठ्ठी निघते आणि पाच वर्षांची मेहनत बरणीतल्या एका घडीवर येते. मुंबई महापालिकेत २०१७ साली प्रभाग २२० चा निकाल असाच लागला. भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मतं सारखी झाली आणि चिठ्ठी शाहांची निघाली. मोजणीत हात चालवायचा मोह कुणाला झाला तर चंडीगड आठवावं. ३० जानेवारी २०२४ ला महापौरपदाच्या निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्यांनीच आठ मतपत्रिकांवर खुणा केल्या आणि त्या बाद ठरवल्या. वर कॅमेरा होता. तीन आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. मोबाइलची सूचना कॅमेऱ्यालाही लागू आहे.

तीन आठवडे हा मात्र अपवाद समजा. शहराच्या महापौराला घाई असते, सरपंचाला धीर धरावा लागतो. पानिपताशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे, म्हणून तिथलं उदाहरण सांगतो. पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचं गाव आहे. तिथे २ नोव्हेंबर २०२२ ला सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्राच्या आकड्यांवरून घोळ झाला आणि विजेता कोण यावर दोघंही अडून बसले. प्रकरण न्यायाधिकरण, उच्च न्यायालय करत दिल्लीला गेलं. मग सर्वोच्च न्यायालयानं मतदान यंत्रं आपल्या आवारात मागवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे फेरमोजणी करून घेतली. हरलेला ठरलेला उमेदवार १०५१ विरुद्ध १००० मतांनी जिंकलेला निघाला. म्हणजे ज्याच्या नावावर गुलाल उधळला, त्यानं पावणेतीन वर्षं खुर्ची उबवून घेतली होती. नवशिक्यानं यातून एवढंच टिपून ठेवावं: घोळ झाला की आधी खुर्चीवर बसा, भांडण मग.

महिला राखीव जागा निघाली तर नवशिके हातपाय गाळतात. अनुभवी माणूस घरात हाक मारतो. अर्ज बायकोच्या नावानं भरायचा, पोस्टरवर तिचा फोटो छोटा आणि आपला मोठा छापायचा, निवडून आल्यावर पाटीवर तिचं नाव आणि खुर्चीवर आपण. इकडे त्याला ‘सरपंच पति’ म्हणतात आणि लग्नपत्रिकेतही तसं छापतात. छत्तीसगडमध्ये पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, तेव्हा हा हुद्दा दुर्मीळ नाही. पण यातही अति करणारे असतात. मार्च २०२५ मध्ये कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा पंचायतीत सहा महिला पंचांऐवजी त्यांच्या नवऱ्यांनीच शपथ घेतली. पुन्हा व्हिडिओ. पुन्हा चौकशी. सचिव निलंबित झाला. नवऱ्यांना घरी जाऊन काय ऐकावं लागलं असेल ते बातमीत आलं नाही.

आणि बाई खरंच कारभार करायला लागली तर? त्यावरही उपाय आहे, तो जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्यानं दाखवून दिला. मनीषा पानपाटील २०२१ साली तिथल्या सरपंच झाल्या. गावकऱ्यांपैकी काहींनी तक्रार केली, की त्या सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहतात. बाई म्हणाल्या, मी नवरा-मुलांबरोबर वेगळी, भाड्याच्या घरात राहते. सून सासूपासून वेगळी राहते की नाही, हा प्रश्न आपल्याकडे एरवी हळदीकुंकवाला चघळला जातो. इथे तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे गेला. त्यांनी बाईंना अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये अपात्रता रद्द केली, आणि बाई सरपंच झाली हेच गावाला पचलेलं नाही, अशा अर्थाचं बोलून कान उपटले. बाई जिंकल्या. तोवर पाच वर्षांतली साडेतीन संपली होती. तक्रारदारांच्या बाजूनं हिशेब मांडलात तर त्यांचं फार काही गेलं नव्हतं, एक अर्ज आणि थोडी चौकशी सासूबाईंची.

आता अविश्वास ठराव. सदस्यांना सहलीला न्यायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सहल शक्यतो देवाची असावी, कारण तिथून कुणी मध्येच परत फिरत नाही. जुन्या पद्धतीत, सदस्यच सरपंच निवडत तेव्हा, एवढ्यावर भागायचं. महाराष्ट्रानं २०१७ साली थेट जनतेतून सरपंच आणला, २०२० मध्ये तो मोडीत काढला, २०२२ मध्ये पुन्हा आणला. छत्तीसगडनं नगरपालिकांत तेच केलं: २०१९ मध्ये भूपेश बघेल सरकारनं थेट निवडणूक बंद केली, विष्णुदेव साय सरकारनं ती परत सुरू केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकांनी अध्यक्षांना थेट मत दिलं. मुंबई असो की रायपूर, नियम बदलायच्या आधी आपली माणसं कुठे जास्त आहेत, मतदारांत की सदस्यांत, याची मोजणी झालेली असते. तुम्हीही ती करून ठेवा. थेट सरपंचावर महाराष्ट्रात ठराव तीन चतुर्थांशांनी मंजूर झाला, तरी त्याला ग्रामसभेच्या गुप्त मतदानातून जावं लागतं. कपाटातली यादी इथे काढावी लागते, नाइलाज आहे.

आमच्या बाजूला तर त्याहून कडक प्रकार. उतईहून गुंडरदेही काही फार लांब नाही, २००८ साली ते दुर्ग जिल्ह्यातच होतं. त्या वर्षी तिथल्या नगर पंचायतीच्या अध्यक्षांना लोकांनीच मतदान करून घरी पाठवलं. त्याच वेळी नवागढ आणि राजपूरचे अध्यक्षही गेले. तीन चतुर्थांश पार्षदांनी मागणी केली की पुन्हा मतदान होतं, आणि मध्य प्रदेशातून आलेल्या या पद्धतीत चिन्हं दोनच असतात: खाली कुर्सी, म्हणजे रिकामी, आणि भरी कुर्सी, म्हणजे भरलेली. समोर उमेदवार नाही, पॅनल नाही, जात नाही. ज्याला मॅनेज करावं असा प्रतिस्पर्धीच नाही! रिकाम्या खुर्चीला माघार घ्यायला कसं लावणार? तिचा मेव्हणा कुठून आणणार? या प्रकारावर माझ्याकडे अजून तोडगा नाही. गुंडरदेहीच्या जाणत्यांना विचारून पाहिलं, ते नुसते हसतात.

शेवटी कागदपत्रं. निवडणुकीला आव्हान द्यायचं तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीसाठी निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात जावं लागतं, छत्तीसगडमध्ये ३० दिवसांत एसडीएमकडे. त्याखेरीज मध्येच कोर्टात शिरायला राज्यघटनेच्या २४३-ओ कलमानं दार बंद केलेलं आहे. वकील दुसरं काही सांगत असेल तर त्याची फी आधी विचारा. आणि खर्चाचा हिशेब, जिंकलात तरी, हरलात तरी, ३० दिवसांत द्यायचा. हरलेला उमेदवार तो हमखास विसरतो. खचलेला असतो, पावत्या बायकोनं चुलीत घातलेल्या असतात, मंडपवाल्याचे पैसे द्यायचे बाकी असतात. मग जिल्हाधिकारी कचेरीतून नोटीस निघते आणि पाच वर्षांपर्यंत अपात्रता लागते. म्हणून स्वतःचा हिशेब विसाव्या दिवशीच देऊन टाका, पोच घ्या. तिथेच टेबलावर हिशेब न दिलेल्यांची यादी पडलेली असते. तीत विरोधकाचं नाव दिसलं तर चेहरा हलू देऊ नका. गावात गेल्यावर त्याला चहाला बोलवा, तब्येतीची विचारपूस करा, आणि तिसावा दिवस उलटेपर्यंत हिशेबाचा विषय काढू नका.