कार्पेटवर गालिचा, गालिच्यावर गोधडी

एडिसन, न्यू जर्सी
रथसप्तमीच्या आदल्या दिवशी

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

शनिवारी फोनवर "पोरीला त्या लोकरीत का लोळवतेस?" म्हणून तू रागावलीस आणि मी उत्तर देईपर्यंत रेवाने फोन चाटून बंद केला. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. बाबांना मोठ्याने वाचून दाखव, पण शकूमावशी घरात नसताना. तिचा विषय खाली आहे.

आधी पोच. पार्सल धड आलं. भडंग कुरकुरीत आहे, डिंकाचे लाडू जावयाच्या ताब्यात आहेत, गोधडी रेवाच्या. बाबा कुरियरची पावती काढून घ्यायला विसरले, त्यामुळे किती पैसे लागले तेही कळलं. तेवढ्यात पिंट्या अर्ध्या वाटेपर्यंत स्वतः येऊन गेला असता.

आता लोकरीचं. आई, ती लोकर नाही, कार्पेट आहे, आणि ते आमचं नाही, घरमालकाचं आहे. स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडलं तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून बसवलेलं. खाली काय आहे ते आम्ही पाहिलेलं नाही. काढता येत नाही, बदलता येत नाही, आणि मुख्य म्हणजे पुसता येत नाही. आपल्याकडे मालनबाई सकाळी फिनेलचं पाणी घेऊन आल्या की सगळ्यांनी पाय वर घेऊन बसायचं. इथे फरशी पुसणं हा प्रकारच नाही. मशीन फिरवायचं आणि स्वच्छ झालं असं मानायचं. आमच्या आधी इथे कोण राहत होतं, त्यांचा कुत्रा कुठे बसायचा, काही पत्ता नाही. आणि तुझी नात आता रांगते. जे सापडेल ते तोंडात घालते. म्हणून त्या कार्पेटवर आम्ही आमचा एक गालिचा टाकला. तुला व्हिडिओत केशरी हत्ती दिसला ना, तो गालिच्यावरचा.

थांब, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

आले. तर गालिच्याची किंमत. बाबा, पाणी प्या. सव्वादोनशे डॉलर. गुणाकार करू नका म्हणणार होते, पण केलात ना? होय, वीस हजारांच्या आसपास. एवढ्यात आपल्या हॉलची फरशी बदलली असती हे मला माहीत आहे, तुम्ही सांगायची गरज नाही. वर 6.625 टक्के सेल्स टॅक्स. न्यू जर्सीत कपड्यांवर हा टॅक्स नाही, पण गालिच्यावर आहे. निखिलने काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "मी हा अंगावर पांघरून नेला तर?" ती हसली नाही. इथे काउंटरवर विनोद करू नयेत हे त्याला अजून कळत नाही.

बरं, गालिचा घेतला की झालं, असंही नाही. कार्पेटचे केस एका बाजूला झुकलेले असतात. वर पाऊल पडलं की दबतात आणि गालिच्याला हळूहळू त्या बाजूला ढकलतात. रात्री टीव्हीसमोर अंथरलेला हत्ती दोनतीन दिवसांत सोफ्याखाली सोंड खुपसून बसलेला असतो. मग दुकानदार म्हणतो, मध्ये घालायला पॅड घ्या. लाकडी जमिनीसाठीचं पॅड रबराचं, ते कार्पेटवर चालत नाही. कार्पेटसाठी वेगळं, खरखरीत, जाड फेल्टचं. त्याचे साठ डॉलर. म्हणजे गालिच्याखाली पॅड, पॅडखाली कार्पेट, कार्पेटखाली त्याची स्वतःची फोमची गादी, आणि कुठेतरी खाली अमेरिका. पॅड घेऊनही कडेला सुरकुती पडायचीच. शेवटी निखिलने सोफ्याचे पुढचे दोन पाय गालिच्यावर ठेवले आणि प्रश्न फुकटात मिटला.

त्याआधी त्याच्या ऑफिसातल्या मित्राने त्यांच्या मुलाचे फोमचे चौकोन दिले होते, एकमेकांत अडकवायचे, प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर. कडक जमिनीवर ते छान बसतात. खाली मऊ असलं की पाय पडेल तिथे उचकटतात. रेवाने क्यू उपटला आणि त्याचं शेपूट खाल्लं. चौकोन परत गेले, क्यू सोडून.

"एवढं मऊ आहे तर बरंच की" असं पुण्याच्या आई म्हणाल्या. बरं नाही. पालथी पडली की तिचे हात रुततात आणि मान उचलायला जोर मिळत नाही. इथल्या डॉक्टरीण बाई सांगतात, जागेपणी भरपूर पालथं घाला, पण पृष्ठभाग टणक हवा. म्हणून पातळ, बसक्या विणीचा गालिचा घेतला.

आणि झोपवायचं मात्र पाठीवरच. 1994 पासून इथे तशी मोहीमच आहे. पाळण्यात उशी नाही, दुलई नाही, मऊ काहीच नाही, पहिलं वर्षभर. तेव्हा गोधडी पाळण्यात घातली नाही म्हणून रुसू नकोस. ती दिवसा, आमच्या डोळ्यांसमोर, हत्तीवर पसरते. त्यावर रविवारी बोरन्हाणही झालं. ओक ट्री रोडवर बोरं मिळाली नाहीत, म्हणून कुरमुरे, हलवा आणि चॉकलेटं. हलवा वेचून घेईपर्यंत मी तिला कडेवरच ठेवलं होतं, काळजी नको. कुरमुरे मात्र तिन्ही थरांत पोचले. काल गालिचा उचलला तर खाली कुरमुरे, रिमोटचं झाकण आणि तुझ्या भडंगातला शेंगदाणा. पार्सल परवाच फुटलं होतं, आई! शेंगदाणा तिथे कसा गेला याची चौकशी चालू आहे. जावई गप्प आहेत.

खरी धास्ती हळदीची. 2018 साली जीआय मानांकन मिळालेल्या हळदीच्या गावची मी, आणि पायाखाली बदामी कार्पेट! वरणभाताचा एक घास उडाला की डिपॉझिट डोळ्यांपुढे येतं. न्यू जर्सीच्या कायद्याने घरमालक दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ शकत नाही, आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत ते परत करायचं असतं, नुकसान वजा करून. नेहमीच्या वापराने झीज झाली तर पैसे कापता येत नाहीत. हळदीचा डाग नेहमीच्या वापरात मोडतो का? सांगलीच्या न्यायाधीशाने मोडतो म्हणून निकाल दिला असता. इथला काय म्हणेल देव जाणे. शकूमावशीच्या लग्नात भाड्याच्या जाजमावर चहा सांडला होता, आणि बाबा आजही ते पैसे कुणी भरले ते सांगतात. आमचं तर अख्खं घरच जाजम आहे.

रेवा उठली. हे उद्या पुरं करते.

आज गोधडी धुवायची होती. मशीनमध्ये घातली, पिळून निघाली, आणि मी सवयीने गॅलरीच्या कठड्यावर टाकली. थंडी होती, पण ऊन लख्ख पडलं होतं. तासाभरात अपार्टमेंटच्या ऑफिसचा ईमेल: गॅलरीत कपडे वाळत घालण्यास मनाई आहे, कृपया काढून घ्यावेत. खाली इमारतीच्या शोभेबद्दल दोन ओळी. शोभा! समोरच्या गॅलरीत ऑक्टोबरपासून एक प्लास्टिकचा सांगाडा खुर्चीत बसला आहे, तो चालतो. माझ्या आजीच्या इरकलाची गोधडी चालत नाही. निखिलने लगेच शोध लावला की वरमाँट राज्यात 2009 साली कायदा झाला, दोरीवर कपडे वाळवायला कुणी बंदी करू शकत नाही. मला क्षणभर वाटलं वरमाँटला राहायला जावं. मग त्याने पुढची ओळ वाचली: अपार्टमेंटच्या गॅलरीचे कठडे त्यातून वगळले आहेत. म्हणजे तिथल्या आमदारांना आपल्यासारख्या बायका माहीत असणार. शेवटी गोधडी ड्रायरमध्ये गेली. ऊन बाहेर वाया जाताना बघत मी ड्रायरचं बटण दाबलं. तुला हे सांगताना लाज वाटते.

निखिल नुसत्या कायद्यावर थांबत नाही. इथलं बहुतेक कार्पेट जॉर्जिया राज्यात डाल्टन गावाच्या आसपास बनतं. तो उद्योग सुरू कसा झाला, माहीत आहे? 1895 च्या सुमाराला कॅथरीन इव्हान्स नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरीने घरी बसून एक चादर केली, हाताने दोऱ्याचे गोंडे काढून. 1900 साली तिने अशी एक चादर अडीच डॉलरला विकली. मग शेजारणी शिकल्या, रस्त्याच्या कडेला दोऱ्यांवर चादरी टांगून विकायला लागल्या, पुढे मशीनं आली आणि त्याच गोंड्यांचं कार्पेट झालं. दोऱ्यांवर टांगून, आई! ज्या कार्पेटपायी मी घाबरून राहते त्याची खापरपणजी दोरीवर वाळत घातलेली चादर आहे. ऑफिसला कळवू का?

कॅथरीनबाईंना तुझी गोधडी दाखवायला हवी होती. मी काल तासभर रेवाशेजारी पालथी पडून ती बघत होते. आजीचं जांभळं इरकल, बाबांचा पट्ट्यांचा पायजमा, माझ्या शाळेचा निळा स्कर्ट. आणि एका कोपऱ्यात तो पिवळा फ्रॉक, जो मी हरवला म्हणून तू मला मारलं होतंस. तो तुझ्याकडेच होता तर! त्या तुकड्याचा टाका तिरका गेला आहे, चष्म्याचा नंबर वाढला ना? रेवा नेमकी तिथेच बोट घालते. धुवायच्या आधी गोधडीला डांबराच्या गोळ्यांचा आणि आपल्या पेटीचा वास येत होता. आता ड्रायरचा येतो. उगाच धुतली.

आता तुमच्या बातम्यांची उत्तरं. शकूमावशीने गुडघ्याचं ऑपरेशन मुहूर्त बघून पुढे ढकललं हे ऐकून हसू आलं. तिला सांग, डॉक्टरांची तारीख हाच मुहूर्त. पिंट्याने मुलीला "स्वयंपाक येतो का" विचारलं आणि तिने "तुम्हाला येतो का" विचारलं, हे उत्तम झालं. ती मुलगी हातची घालवू नका. कुलकर्णीकाकूंनी तिळगूळ दिला पण गोड बोलल्या नाहीत, हे बरं नव्हे. आणि आई, तूसुद्धा दारातूनच परत पाठवलंस म्हणे.

व्हिसाच्या मुलाखतीचं लक्षात ठेवा. "कशाला जाताय?" म्हटलं की "नातीला बघायला" एवढंच. बाबांनी तिथे कृष्णेच्या पुरापासून सुरुवात करू नये. उन्हाळ्यात या. इथे मांडी घालून बसायला आता जागा आहे, फक्त ती बाबांना पेलेल का ते बघा. रोज थोडं खाली बसायची सवय ठेवा. उठवायला मी आहे.

लहानांना आशीर्वाद, मालनबाईंना विचारलं म्हणून सांग.

तुमची,
मंजू

ता. क. शेवग्याची फांदी आपल्या कुंपणात आली असली तरी झाड कुलकर्णीकाकूंचं आहे. बाबांनी शेंगा काढल्या असतील तर निम्म्या देऊन टाकाव्यात. उरलेल्या निम्म्यांची आमटी कशी झाली ते कळवावं.