आधी बेल्ट, मग सनरूफ

नव्या गाडीत मुलांसाठी काय घ्यायचं, याचं उत्तर आज शोरूममध्ये पाऊल ठेवण्याआधीच ठरलेलं असतं: सनरूफ. माझं उत्तर वेगळं आहे आणि त्यावर मी ठाम आहे. मुलांसाठी गाडीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मागच्या सीटचा बेल्ट. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बेंगळुरूच्या बसवनगुडीत संध्याकाळी गांधी बझारकडे वळणाऱ्या गाड्यांत नेमका तोच बिनवापराचा पडून असतो. मुलं पुढच्या दोन सीटांच्या फटीत उभी असतात, नाहीतर छतातून बाहेर.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच बेंगळुरूत एक लहान मुलगा चालत्या गाडीच्या सनरूफमधून बाहेर डोकावत उभा होता. उंच वाहनं अडवण्यासाठी रस्त्यावर लावलेला आडवा लोखंडी खांब त्याच्या डोक्यावर आदळला. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. लोक हळहळले, पालकांना बोल लावले, आणि छतं पुन्हा उघडली.

याची चीड येते, कारण गाडी कशी थांबते हे या शहराइतकं फार थोड्या शहरांना कळतं. १९७८ साली गाड्यांना एबीएस ब्रेक देणाऱ्या आणि १९९५ साली घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा आणणाऱ्या बॉश कंपनीचं भारतातलं मुख्य ठाणं आडुगोडीत आहे, बसवनगुडीपासून काही किलोमीटरवर. मर्सिडीजचं संशोधन केंद्र १९९६ पासून बेंगळुरूत आहे. बुल टेम्पल रोडवरचं बीएमएस कॉलेज १९४६ पासून इंजिनिअर घडवतंय. गाडीच्या कॅमेऱ्याला, रडारला, ब्रेकला शहाणपण देणारं सॉफ्टवेअर इथली माणसं लिहितात. त्याच माणसांची मुलं घरच्या गाडीत मोकळी बसवली जातात.

‘आमची गाडी पाच स्टारची आहे,’ हे उत्तर मला पुरत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. ताशी ६४ किलोमीटरनं गाडी अडथळ्यावर आदळवून ती आतल्या माणसांना किती वाचवते हे त्यात तपासतात. मुलांच्या सुरक्षेला ४९ गुण आहेत. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे मागच्या सीटवर असतात. पण ते दोन्ही पुतळे चाइल्ड सीटमध्ये नीट बांधलेले असतात. गाडीला मुलांच्या सुरक्षेसाठी मिळालेले स्टार त्या बांधलेल्या पुतळ्यांवर मिळालेले आहेत. तुमचं मूल उभं असेल, तर त्या स्टारांतला एकही त्याच्या वाट्याला येत नाही.

दुसरं उत्तर त्याहून लाडकं: ‘गांधी बझारपर्यंतच तर जायचंय.’ ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी एकदम थांबली, की बेल्ट नसलेलं मूल त्याच वेगानं पुढे जातं. तो वेग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यावर जमिनीवर आदळताना असतो तेवढा. डीव्हीजी रोडवर रात्री उशिरा हा वेग कुणीही गाठतं. आणि मुलाला मांडीवर धरून पुढे बसणाऱ्या आईबाबांनी हेही ऐकावं: त्या धक्क्यात कुठलेही हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत, आणि समोरून फुगणारी एअरबॅग थेट त्याच्यावरच आदळते. एअरबॅग बेल्टच्या मदतीला असते, बेल्टच्या बदली नसते.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. महागडी, एअरबॅगांनी सज्ज गाडी. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. त्याच वर्षी देशात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं रस्त्यांवर मेली, अशी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. त्यांतली ८,३३१ माणसं गाडी चालवत नव्हती, नुसती बसलेली होती.

यावर आपण काय केलं? बेल्ट लावा म्हणून गाडी पीं-पीं करते, तर तिचं तोंड बंद करायला बाजारात क्लिपा आल्या. बेल्टच्या कुलपात नुसती क्लिप अडकवायची, आवाज गप्प. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांवरून त्या काढायला लावल्या, तेव्हा एकूण १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. जीव वाचवणारा आवाज बंद करण्यासाठी माणसं पैसे मोजत होती.

बेल्ट प्रत्येक अपघातात वाचवत नाही, हे खरं. डिसेंबर २०२४ मध्ये नेलमंगलजवळ एका कारवर अवजड कंटेनर कोसळला आणि एकाच कुटुंबातली सहा माणसं गेली. जगातल्या सर्वांत सुरक्षित गाड्यांत जिची गणना होते, अशी ती गाडी होती. तिथं कुठलाच बेल्ट पुरा पडला नसता. तिथला प्रश्न मालवाहू वाहनांच्या वेगाचा आणि रस्त्याचा आहे आणि तो सरकारला विचारलाच पाहिजे. पण सरकारकडे बोट दाखवताना आपल्या हातातली गोष्ट सोडून द्यायची नसते.

नव्या गाडीतला प्रत्येक आवाज पवित्र आहे, असंही माझं म्हणणं नाही. लेन सुटल्याची सूचना पुणे-बेंगळुरू महामार्गावर कामाची आहे. कडलेकाई परिषेच्या, म्हणजे भुईमुगाच्या जत्रेच्या सोमवारी, शेंगांच्या राशी आणि माणसांचा पूर आलेल्या बुल टेम्पल रोडवर लेनच दिसत नाही. तिथं ती बंद केलीत तर माझी हरकत नाही. पण माणूस आडवा आला की आपोआप लागणारा ब्रेक, मागचं दाखवणारा कॅमेरा आणि बेल्टची आठवण, या तिन्ही गोष्टी याच गर्दीसाठी आहेत. त्यांना हात लावू नका.

दिवाळीला कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडे निघणाऱ्या इथल्या मराठी घरांना माझं सरळ सांगणं आहे. गाडी घेताना तीन गोष्टी विचारा: मागच्या तिन्ही सीटना खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का, मागच्या सीटवर बेल्ट न लावल्यास गाडी सांगते का, चाइल्ड सीट पक्की बसवायला आयसोफिक्सचे आकडे आहेत का. सनरूफ हवं तर त्यानंतर बघा, आणि घेतलंत तर ते उजेडासाठी ठेवा. मुलाचा बेल्ट मानेवर न येता खांद्यावर बसेपर्यंत चाइल्ड सीट किंवा बूस्टर सोडू नका.

आणि कॅबमध्ये बसलात, तर मागच्या बेल्टचं कुलूप सीट कव्हरखाली गाडलेलं असतं, ते चालकाला वर काढायला लावा. तो कुरकुरला तरी लावा. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे. वाहतूक पोलिसांनी तो शाळा सुटताना शाळेच्या दारात उभं राहून वसूल करावा. पालक रागावतील. रागावू देत. मूल त्यांचं आहे, पण ते घरी धडधाकट पोचणं हा त्याचा स्वतःचा हक्क आहे, आणि तो आईबापांच्या सोयीवर सोडता येणार नाही.