कोरलमध्ये नेता कसा रंगवावा (मलकापूर आवृत्ती)

मलकापुरात फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉ उघडून बसणाऱ्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. कॅनडातल्या ओटावा शहरी १९८९ साली हे सॉफ्टवेअर निघाले, तेव्हा चित्र काढणारा माणूस एकटा बसेल असे निर्मात्यांनी गृहीत धरले असावे. आपल्याकडे खुर्चीत एक बसतो आणि खुर्चीमागे मंडळाची कार्यकारिणी उभी असते. रंगाचे व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः या कार्यकारिणीचे व्यवस्थापन, हे आधीच समजून घ्यावे.

प्रथम आकृती निवडा. उजवीकडच्या रंगपट्टीवर डावे बटण दाबले की आत रंग भरतो, उजवे दाबले की कडेला लागतो. एवढे जमले की आपण डिझायनर झालात; व्हिजिटिंग कार्ड छापून घ्यायला हरकत नाही. पट्टीच्या टोकाला फुलीचा एक चौकोन असतो, तो रंग काढून टाकतो. तो गिऱ्हाइकासमोर वापरू नये. मोकळी जागा दिसली की तिथे एक शुभेच्छुक उगवतो.

आता निळा. इथे बरेच जण बुडाले आहेत. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, मशीन शाईने. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत मुळात नसतोच. त्यात कोरलच्या जुन्या सीएमवायके पट्टीवर ‘ब्ल्यू’ नावाने जो बसला आहे, त्यात सायन १०० आणि मॅजेन्टाही १००. तो भरून १४ एप्रिलचा बॅनर काढाल तर तेरा तारखेच्या रात्री दुकानात शब्द ऐकू येतील, ‘‘भाऊ, हा निया नाही ना, निरा जांभया दिसून राह्यला!’’ आणि ते खरे असेल. मॅजेन्टा सत्तरच्या खाली आणा. पडद्यावर तो फिका वाटला तरी गिऱ्हाइकाला पडदा दाखवू नका, आकडे दाखवा. आकड्यांशी सहसा कोणी वाद घालत नाही.

भगव्याचा मात्र आकडा नसतो. पिवळा १०० कायम ठेवून मॅजेन्टा पन्नासवर नेला तर नारिंगी होतो, नव्वदवर नेला तर लाल. मधल्या जागेत महाराष्ट्राचे राजकारण राहते. ‘‘भगव्यात थोडा दम आणा न,’’ अशी सूचना आली की कंट्रोल दाबून लाल रंगावर क्लिक करा. दर क्लिकला दहा टक्के लाल मिसळतो. दोन-तीनदा मिसळून दाखवा आणि कोणाचे लक्ष नसताना कंट्रोल झेडने मूळ रंगावर परत या. ‘‘हाव, आता जमलं,’’ हे उद्गार इथेच ऐकू येतात.

चेहऱ्यांचे गणित मलकापुरात इतर गावांपेक्षा अवघड आहे. तालुका बुलढाणा जिल्ह्यातला, पण लोकसभेला विधानसभा मतदारसंघ जोडला आहे रावेरला, म्हणजे पलीकडच्या जळगाव जिल्ह्यातल्या मतदारसंघाला. त्यामुळे एकाच फ्लेक्सवर दोन जिल्ह्यांतले मान्यवर बसवावे लागतात. कोणाचा फोटो स्टुडिओतला, कोणाचा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. सर्वांच्या त्वचेतून काळी शाई जवळजवळ शून्यावर आणावी, नाहीतर चेहरे राखाडी छापतात. गोरेपणा मात्र पदानुसार द्यावा. शाखाध्यक्ष आमदारापेक्षा उजळ निघाला तर तो दोष प्रिंटिंगचा मानला जात नाही.

कधीकधी फाइल तयार असते आणि गिऱ्हाइक पक्ष बदलून येते. घाबरू नका. कोरलमध्ये ‘फाइंड अँड रिप्लेस’ आहे. एक रंग शोधून दुसरा घाला, कमळापासून कमानीपर्यंत सगळी पार्श्वभूमी एका झटक्यात निष्ठावंत होते. (चिन्ह तेवढे हाताने बदलावे.) पण सूचना ध्यानात ठेवा: वेक्टरचा रंग बदलतो, फोटोचा नाही. साहेबांच्या गळ्यातला जुन्या पक्षाचा गमछा तसाच राहतो आणि नव्या पक्षाच्या फलकावरून हसत बघतो. नवा फोटो मागवा. नसेलच, तर गमछ्यावर हार चढवा.

उन्हाबद्दल तक्रार येणारच. उघड्यावर पिवळी आणि मॅजेन्टा शाई आधी उडते, सायन आणि काळी टिकून राहतात. म्हणून बसस्टँडजवळ उतरवायचा राहून गेलेला नेता, पक्ष कोणताही असो, हळूहळू निळसर होत जातो. याची गॅरंटी मागणाऱ्याला उन्हाळ्यात फ्लेक्स लावू नये असे सुचवावे. तो ऐकत नाही.

शेवटचे काम छोटे आहे आणि सगळ्यात गंभीर आहे. निवडणुकीच्या फलकावर खाली मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता बारीक अक्षरात टाका आणि ते फक्त काळ्या शाईत ठेवा, के १००. चार शायांचा काळा केला तर बारीक अक्षराच्या कडांना रंगीत सावल्या फुटतात. ‘‘ही ओळ काढा, तिथं आमच्या भाच्याचा फोटो बसते,’’ असे कोणीही म्हणो, काढू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार ती ओळ नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.