इथे उंची उतरवून मिळेल

ऐकलंत का? भिलाईत नंदिनी रोडकडच्या गॅरेजांत म्हणे आता लोक गाड्या बुटक्या करून घ्यायला येतात! हो हो, त्याच पिकअप. ज्यांच्या पोटाखालून गल्लीतलं कुत्रं मान न वाकवता आरपार जायचं, त्याच. तेव्हा वर चढवायला पैसे मोजले, आता खाली उतरवायला मोजतायत. मधल्या काळात टायर, बॉल जॉइंट आणि अलाइनमेंटवर गेले ते वेगळेच. त्यांचा हिशेब घरी सांगायची कुणाची छाती आहे? काय दिवस आलेत! आणि आपण काय करतोय? समोरच्या टपरीवर चहाचा ग्लास धरून बघतोय. बघायला नको?

आधी हे सांगा, भिलाईला उंच गाडी हवीच होती कशाला? 1955 साली सोव्हिएत युनियनशी करार झाला, कारखाना उभा राहिला, शेजारी सेक्टरांची टाउनशिप वसली आणि तिचे रस्ते असे की फूटपट्टीने ओढलेत. चढ म्हणाल तर ओव्हरब्रिजचा. नदी म्हणाल तर शिवनाथ, ती दुर्गच्या पलीकडे, आणि तिच्यावर चांगला पूल आहे. डोंगरच बघायचा तर दल्ली-राजहराला जावं, कारखान्याचं लोहखनिज येतं तिकडून. पण जातो कोण? आपल्या पठ्ठ्याची धाव घर ते सिव्हिक सेंटर, फार झालं तर सेक्टर 9 च्या हॉस्पिटलात आत्याला बघायला. तेवढ्यासाठी गाडी तीन इंच वर? स्पीड ब्रेकरने असं काय घोडं मारलं होतं?

आपल्या घरांत पिकअप म्हणजे सिमेंटची, भाजीची, नाहीतर मंडपवाल्याची गाडी. मुलीला बघायला येणारा मुलगा पिकअपमधून उतरला असता तर पोहे आतच राहिले असते. टाटाची झेनॉन आणि महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे येऊन गेल्या, कुणाचं डोकं फिरलं नाही. मग 2016 मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली, आणि बघता बघता मागे उघडा हौदा असणं ही प्रतिष्ठा झाली! हौद्यात काय ठेवतात? काही नाही. ओरखडे पडतात ना.

पण कंपनीतून आली तशी गाडी चालवणं हे काय मर्दाचं काम आहे? पिकअपचं बूड मुळातच थोडं वर असतं, कारण मागे माल भरला की ती सपाट बसावी. माल भरायचाच नसल्याने ते वर आलेलं बूड मालकांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. मग पुढून जरा उचलली. मग मागून उचलली. मग पुढून पुन्हा उचलली. एकदा चटक लागली की थांबतोय कोण?

यातली कारागिरी ऐका, कारण पैसे कशाला पडतात ते कळलं तर हसायला जास्त मजा येते. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर, चॅसीच्या खाली, एक जाड चकती बसवायची. तिचं नाव स्पेसर. बाजारात ती अॅल्युमिनियमची मिळते, पॉलियुरेथेनची मिळते. पण 130 मीटरचे अखंड रूळ लाटणाऱ्या गावाने चकती कुरिअरने मागवायची? शोभतं का? इथे लेथला तोटा नाही. माप दिलं की संध्याकाळपर्यंत चकती तयार. आणि गंमत म्हणजे शॉकअप खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेला असतो, त्यामुळे वर एक इंच सरकवला की चाकाशी जवळजवळ दोन इंच मिळतात. एक इंचाची चकती, दोन इंचांचा रुबाब! असं व्याज कुठली पतपेढी देते?

मागे तर याहून सोपं. पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा, लांब यू-बोल्टने आवळायचं, झालं. पण मागच्या अॅक्सलच्या मधला तो डिफरेन्शियलचा गोळा आहे ना, तो होता तिथेच राहतो! गाडी वर, बोनेट वर, मालकाचं नाक सगळ्यांत वर, आणि जो भाग दगडाला आपटतो तो जागच्या जागी. त्याला वर न्यायचं तर मोठे टायर घालावे लागतात. मग घातले की मोठे टायर! खर्चाला कोण भितो? स्पीडोमीटर कमी वेग दाखवायला लागला तर बरंच झालं, बायको शेजारी निश्चिंत बसते.

बसते म्हणजे, चढली तर. गणपतीच्या आरतीला निघालेली कुटुंबं आठवा. गाडीत हार, नारळ, मोदकांचा डबा आणि प्लॅस्टिकचं स्टूल. ते स्टूल आजींसाठी. आधी स्टूल, मग पायदान, मग वरून सुनेने हात ओढायचा आणि खालून मुलाने, काय सांगू, आधार द्यायचा. एका आजींनी वर पोचल्यावर घोषणाच केली, "आता विसर्जन झाल्यावरच मला उतरवा रे!" सगळे हसले, मुलगा सोडून. त्याच्या डोक्यात बारीक खट्‌ खट्‌ आवाज येणारं पुढचं चाक होतं.

तो आवाज सगळ्यांकडेच यायला लागला. का नाही येणार? गाडी वर ढकलली, पण बॉल जॉइंट वाकतो तो तेवढाच. चाक खाली जायला जागाच कमी उरली, मग खड्डा आला की धाडकन दणका. चाकाकडे जाणारे पुढचे शाफ्ट तिरके झाले, त्यांचे रबरी बूट फाटले, ग्रीस चाकभर उडालं. टायर आतून झिजले, बाहेरून नवेकोरे. आणि हेडलाइट? गाडीबरोबर तेही वर गेले. रात्री जीई रोडवर समोरून असली स्वारी आली की वाटावं, धमनभट्टीचं तोंडच उघडलंय. दुचाकीवाले डोळे मिटून रामाचं नाव घ्यायचे. पण तक्रार करायची कुणाची हिंमत? गाडी भाच्याचीच असायची.

कायद्याचं विचारू नका. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की नोंदणीत आहे त्याहून गाडी वेगळी करायची नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कंपनीच्या मूळ रचनेत फरक केलेली गाडी नोंदवता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवली. प्रत्येक बदलाला, बरं का! काहींच्या गाडीवर बोट ठेवत मोजायला बसलं तर दंडात दुसरी गाडी येईल. हे कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना होतं. म्हणून तर चौकात पोलीस दिसला की एवढी मोठी गाडी गल्लीत घुसून दिसेनाशी व्हायची.

आपणच वेडे, असं मात्र समजू नका. अमेरिकेत याहून पोचलेले आहेत. तिकडच्या कॅरोलायना भागात पिकअपचं फक्त नाक वर करायची साथ आली: पुढून आभाळाकडे, मागून जमिनीला. चालकाला समोर रस्त्याऐवजी बोनेट आणि ढग! शेवटी नॉर्थ कॅरोलायनाने 2021 मध्ये नियम केला की पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त वर चालणार नाही. 2023 मध्ये साउथ कॅरोलायनानेही दम भरला. सरकारला इंचपट्टी घेऊन बसावं लागलं, म्हणजे बघा!

छत्तीसगडची पोरं यांच्यापेक्षा शहाणी. हरेलीला, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेला, ती बांबूच्या गेडीवर चढतात, चिखलातून टकाटक हिंडतात आणि पोळा झाला की गेडीचं विसर्जन. कधी उतरायचं ते त्यांना कळतं. गाडीवाल्यांची हरेली काही संपेना.

संपवली कुणी? सेकंडहँडवाल्यांनी! पहिल्या मालकाने हौस भागवून गाडी विकली. दुसऱ्याने फोटो बघून घेतली, फोटोत खट्‌ खट्‌ ऐकू येत नाही. मग नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 भरताना पोटात गोळा, विम्याचा क्लेम अडेल म्हणून दुसरा गोळा, आणि घरी आईचे गुडघे. झालं मतपरिवर्तन. आणि बाटगा जास्त कडवा म्हणतात ते खोटं नाही. काल जो "लिफ्टशिवाय गाडीला शोभा नाही" म्हणत होता तोच आज लग्नाच्या पंगतीत समजावतो, "काका, इंजिनिअर काय मूर्ख होते का? स्टॉक ते स्टॉक!" काका मान डोलावतात. काकांकडे स्कूटर आहे.

उतरवण्याचा सोहळा मात्र चुकवू नये असा. गाडी जॅकवर घेतात, खाली घोड्या लावतात, चाकं निघतात. मिस्त्री विचारतो, "कतका उतारना हे, भइया?" भैया जमिनीकडे बघत म्हणतात, "पूरा." मग स्टॅबिलायझरची लिंक सुटते, वरचे तीन नट सुटतात आणि शॉकअपचा खालचा बोल्ट काही सुटत नाही. रात्रभर तेल पाजलेलं असतं, तरी नाही. पान्यात पाइप घालून दोघं लोंबकळतात. करकर आवाज होतो, तिसरा शिवी देतो, आणि एकदाचा तो वळतो. चकती बाहेर येते. चिखलाने माखलेली, कडेला लेथचे वळसे तसेच, तळहातावर मावेल एवढी. "एवढीशी?" कुणीतरी विचारतोच. या एवढ्याशा तुकड्यावर सगळा ताठा होता होय!

ज्यांनी चकती स्प्रिंगच्याच डोक्यावर घातलीय त्यांनी मात्र हे घरच्या अंगणात करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर पाणी मागायला वेळ देत नाही. मागचे ठोकळे निघतात, नवे आखूड यू-बोल्ट लागतात, जुने पुन्हा आवळायचे नसतात. बुशचे नट गाडी जमिनीवर टेकल्यावरच कसायचे, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. मग अलाइनमेंट, मग हेडलाइट खाली. हे सगळं आपल्याला कसं माहीत, असं विचारू नका. टपरी समोरच आहे, सांगितलं ना? आणि तुम्ही तरी एकदा त्या उंच गाडीत बसून, काच खाली करून, कोपर बाहेर काढून सिव्हिक सेंटरला चक्कर मारली नव्हती? ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून मान वळवली नव्हती?

निघालेल्या चकत्या कुणी भंगारात टाकत नाही, हेही सांगून ठेवतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सीटखाली जातात. का? असू दे, म्हणे. आणि परवा तर कहर झाला. पूर्ण खाली आलेली एक गाडी आठवड्याच्या आत परत आली. मोठे टायर काढायला मालकाचं मन होत नाही, आणि वळताना ते आतल्या बाजूला घासतात.

"अर्धा इंच फक्त," मालक हळूच म्हणाले, "घासू नये म्हणून."

लेथवाल्याने माप लिहून घेतलंय. मागे आणखी दोघं उभे होते.