दाजींची चिप

आमच्या सिरसाळ्यात फोनला लॉक घालतात ते चोरासाठी नव्हे, घरच्यांसाठी. आणि घरच्यांना ते पाठ असतं. नऊ ठिपक्यांवर 3,89,112 पॅटर्न काढता येतात. त्यातून आमच्या दाजींनी निवडला इंग्रजी झेड. सालगड्यापासून नातवापर्यंत सगळे तो न बघता काढतात.

मोटर चालू करताना दाजींच्या खिशातला फोन विहिरीत पडला. काढला, पण मुका झालेला. मोबाइलच्या दुकानात दाजी म्हणाले, "चिप काढ अन् दुसऱ्या फोनात बसव. लॉक काचेवर होतं, ती तर फुटली."

पोरगा म्हणाला, "दाजी, काच फुटली म्हणून आतलं उघडत नसतंय. नुसता कचरा दिसंल."

पोरगं बरोबर बोललं. स्क्रीन लॉक थोपवतं ते फोन हातात घेणाऱ्याला. एन्क्रिप्शनमध्ये फोटो साठवलाच जातो तो वाचता येणार नाही असा. 2023 साली शिंदे समितीसाठी आपल्याकडं निजामकाळातल्या कुणबी नोंदी काढल्या, तेव्हा कपाट उघडून भागलं नाही. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. तसंच हे. फरक इतकाच, की इथं वाचणारा एकच : तोच फोन. दाजींचा झेड आणि प्रोसेसरमध्ये पुरलेलं गुपित जुळलं, तरच किल्ली तयार होते. म्हणून तर फोन बंद करून चालू केला की बोट चालत नाही, पॅटर्नच लागतो. आणि तो टाकण्याआधी बायकोचा फोन आला तरी नुसता नंबर दिसतो, नाव नाही. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून नव्या स्वस्त फोनलाही हे एन्क्रिप्शन सक्तीचं आहे.

"बोर्ड जिवंत झाला तर झेड काढा, सगळं मिळंल," पोरगा म्हणाला. "न्हाई झाला, तर कुणालाच न्हाई."

"म्हंजे माझंच मला न्हाई?"

"व्हय. सेफ्टी हाय ती."

दाजींचा चेहरा पडला. तेवढ्यात पोरानं ट्रेमधून मेमरी कार्ड काढलं, पुसलं, स्वतःच्या फोनात घातलं. ना पॅटर्न, ना पासवर्ड; सगळे फोटो भराभरा उघडले. कार्ड असं साधं घातलं, की त्याला एन्क्रिप्शन नसतं. लग्नं, बारशी, बैल, आणि मधेच उसाच्या बिलाची पावती.

सोबत आलेल्या ताईनं दोन बोटांनी पावती मोठी केली. "बिल अजून निघालंच न्हाई म्हणत होता ना?"

दाजी पोराकडं वळले. "लेका, हे कार्ड तेवढं पुन्हा भिजवता येतंय का बघ."